झाडाच्या बदल्यात झाडे : किती आणि का?

रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्यावर चिकटवलेला छापील कागद तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दुरून तो जाहिरातीसारखा दिसतो, म्हणून सहसा कोणी थांबून वाचत नाही. वास्तविक तो वाचण्यासारखा असतो. हे झाड तोडण्यासाठी अर्ज आला आहे, कोणाची हरकत असल्यास ती वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी कळवावी, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. म्हणजे झाडावर कुऱ्हाड पडण्यापूर्वी तुमचे-आमचे म्हणणे ऐकून घेण्याची ती सरकारी पद्धत आहे. हा कागद कोणत्या नियमाने लागतो, त्याच्यापुढे काय होते, आणि एका झाडाच्या बदल्यात किती झाडे लावली म्हणजे हिशेब पुरा होतो, हे आज पाहू. शेवटच्या प्रश्नाला थोडे भूमितीचे आणि थोडे वनस्पतिशास्त्राचे ज्ञान लागेल, पण ते तुमच्या पाठ्यपुस्तकाबाहेरचे नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रातील शहरांसाठी झाडांचे संरक्षण व जतन यांविषयीचा कायदा १९७५ साली झाला. या कायद्याने प्रत्येक महानगरपालिकेत व नगरपालिकेत ‘वृक्ष प्राधिकरण’ नावाची समिती नेमायची असते. महानगरपालिकेत आयुक्त हे तिचे अध्यक्ष असतात; नगरसेवक आणि झाडांची माहिती असलेल्या स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी सभासद असतात. प्रत्यक्ष कामासाठी वृक्ष अधिकारी असतो. झाडांची गणना करणे, रोपवाटिका चालवणे, नवी झाडे लावणे ही कामे प्राधिकरणाचीच. पण लोकांच्या ध्यानात राहते ते तोडण्याच्या परवानगीचे काम, कारण भांडणे होतात ती तिथे.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. झाड तुमच्या स्वतःच्या आवारात, तुमच्या आजोबांनी लावलेले असले, तरी शहराच्या हद्दीत ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. जमीन तुमची, झाडही तुमचे, पण त्याची सावली, त्यावरचे पक्षी आणि त्याने थंड केलेली हवा कुंपण ओळखत नाहीत, हा त्यामागचा विचार. कित्येकांना ही बळजबरी वाटते. परंतु घराचा मजला वाढवायलाही आपण परवानगी घेतोच की!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘झाड तोडणे’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ फक्त कुऱ्हाड चालवणे एवढा नाही. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे, हे सारे त्यात येते. कायदा करणाऱ्यांनी असा रुंद अर्थ का घेतला असेल? कारण झाड न तोडताही मारता येते. बुंध्याभोवती सालीचा एक पट्टा खरवडून काढला, तर पहिले काही महिने झाड हिरवेच दिसते. सालीच्या आतल्या बाजूस असलेल्या रसवाहिन्या पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेतात. पट्टा काढला की हा मार्ग तुटतो. आतल्या लाकडातील जलवाहिन्या मात्र शाबूत असतात, म्हणून पाणी वर चढत राहते आणि पाने टवटवीत राहतात. इकडे मुळे साठवलेल्या अन्नावर दिवस काढतात. तो साठा संपला की मुळे मरतात आणि मग झाड वाळते. तोपर्यंत साल कोणी काढली याचा कोणाला पत्ता लागत नाही. ‘वाळलेले झाड धोकादायक आहे’ असा अर्ज मग राजरोस करता येतो. बुंध्याला अगदी लगटून सिमेंट काँक्रीट ओतणे हाही असाच सावकाश मारण्याचा प्रकार. मुळांना हवा आणि पाणी दोन्ही लागतात, आणि काँक्रीट दोन्ही अडवते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाकण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणाने. तुमच्या रस्त्यावर हे अंतर किती आहे, पट्टी लावून पाहा.

आता परवानगीचा क्रम. अर्ज आला की वृक्ष अधिकारी झाडाची पाहणी करतो, स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात देतो आणि झाडावर ठळक जागी नोटीस लावतो. आलेल्या हरकतींसह प्रकरण प्राधिकरणापुढे जाते. मेलेले, रोगट, वादळात कोसळलेले, जीविताला वा मालमत्तेला धोका असलेले किंवा वाहतुकीला अडथळा आणणारे झाड असेल, तर परवानगी सहज मिळते, आणि ते योग्यच आहे. पावसाळ्यात पोकळ झालेले झाड अंगावर पडून माणसे दगावतात. तेव्हा ‘एकही झाड तोडू नका’ ही घोषणा ऐकायला बरी वाटली तरी शास्त्राला धरून नाही.

परवानगी मिळाल्यावरही लगेच करवत चालवायची नाही, पंधरा दिवस थांबायचे, अशी तरतूद या कायद्यात होती. हे पंधरा दिवस कशासाठी? निर्णय ज्यांना मान्य नाही त्यांना दाद मागता यावी म्हणून. तोडलेल्या झाडाबाबत नंतर कितीही चांगला निकाल लागला तरी उपयोग काय?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. मुंबईत आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडण्यास आणि ४६१ झाडे दुसरीकडे हलवण्यास मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मंजुरी दिली. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. पंधरा दिवस नेमके कधीपासून मोजायचे यावर मोठा वाद झाला. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानून, सुटीचे दिवस असतानाही, ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. पुढे २०२२ मध्ये न्यायालयाने आणखी ८४ झाडांसाठी प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा दिली. मेट्रो कंपनीने परवानगी मिळवली ती १७७ झाडांची. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने काम अडू नये म्हणून ती झाडे काढू दिली, पण दिलेल्या मुभेपलीकडे गेल्याबद्दल कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले. मेट्रोही झाडांइतकीच शहराच्या हवेसाठी हवी, हे म्हणणेही खोटे नाही. म्हणूनच या प्रकरणात कोण बरोबर यावर आजही दोन मते आहेत. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, झाडांच्या बाबतीत दोन-तीन दिवसांनाही फार किंमत असते.

वय आले कुठून?

मूळ कायद्याप्रमाणे तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दुसरे झाड लावण्याचे बंधन होते. ढोबळ मानाने एकास एक. २०२१ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणायचे ठरले. दुसरे असे की, झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावायची. म्हणजे पन्नास वर्षांच्या झाडाच्या बदल्यात पन्नास. ही झाडे लावून मोकळे व्हायचे नाही, तर सात वर्षे त्यांची निगा राखायची. बेकायदा तोडीचा दंड पूर्वी जास्तीत जास्त पाच हजार रुपये होता, तो झाडामागे एक लाखापर्यंत नेला गेला. शहरातील एका खोलीच्या जागेची किंमत ठाऊक असणाऱ्याला पाच हजारांचा दंड म्हणजे किरकोळ खर्चच वाटत असणार, तेव्हा ही वाढ आवश्यकच होती.

पण वय हा नियमाचा पाया झाला की लगेच प्रश्न येतो : झाडाचे वय ओळखायचे कसे? जन्मदाखला तर नसतो.

‘खोडातील वर्तुळे मोजावीत’ हे उत्तर आपण सारे देतो. खोडाच्या सालीच्या आत ऊतककर नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूस लाकूड आणि बाहेरच्या बाजूस साल घडवत राहतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात हे काम थांबते आणि वसंतात जोमाने सुरू होते, त्यामुळे दरवर्षी एक स्पष्ट वर्तुळ उमटते. आपल्याकडे हिवाळा एवढा कडक नाही. आंबा, वड, पिंपळ अशा झाडांची वाढ वर्षभर कमी-अधिक चालूच राहते. त्यांच्या लाकडात वर्तुळे पुसट असतात, आणि असली तरी वर्षाला एकच असेल याची खात्री नसते. सागवान मात्र अपवाद आहे. तो कोरड्या ऋतूत पाने गाळून विश्रांती घेतो आणि पाऊस येताच मोठमोठ्या जलवाहिन्या तयार करतो. म्हणून त्याची वर्तुळे साध्या भिंगानेही मोजता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागाच्या वर्तुळांवरून ५२३ वर्षांची मालिका तयार केली आणि तिच्यातून जुन्या काळातील दुष्काळांचा माग काढला. हे काम २०१० साली प्रसिद्ध झाले. झाड न तोडता वर्तुळे पाहायची तर पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढतात. पण तीही एक जखमच. शाळकरी मुलांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

मग राहतो तो घेर. जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट उंचीवर बुंध्याभोवती दोरी गुंडाळावी आणि ती पट्टीवर मोजावी. उतारावर झाड असेल तर चढाच्या बाजूने उंची धरावी. याच उंचीवर का? जमिनीजवळ मुळांमुळे बुंधा फुगलेला असतो, आणि छातीच्या उंचीवर मापणे सोयीचे असते, एवढेच कारण. सगळ्यांनी एकच उंची धरली म्हणजे तुमची मापे माझ्या मापांशी ताडून पाहता येतात.

घेरावरून वय काढण्यास वाढीचा दर हवा. ॲलन मिचेल या वृक्षतज्ज्ञाने इंग्लंडमधील मोकळ्यावर वाढलेल्या झाडांसाठी वर्षाला एक इंच, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर घेर, असा ढोबळ नियम सांगितला होता. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. दक्षिण अमेरिकेतून आलेला आणि आपल्या रस्त्यांवर जागोजागी लावलेला वर्षावृक्ष झपाट्याने फुगतो. चिंच संथ वाढते. शिवाय एकाच जातीचे झाड विहिरीकाठी वेगळे आणि फरसबंदीत वेगळे. तेव्हा उत्तम उपाय असा की, लावल्याची तारीख ठाऊक असलेले त्याच जातीचे झाड त्याच भागात शोधायचे. शाळेच्या आवारात कोनशिलेसमोर लावलेली झाडे या कामी फार उपयोगी पडतात. समजा, चाळीस वर्षांपूर्वी लावलेल्या कडुनिंबाचा घेर आज १६० सेंटिमीटर आहे. म्हणजे सरासरी वाढ वर्षाला ४ सेंटिमीटर. शेजारच्या रस्त्यावरील कडुनिंब २०० सेंटिमीटर भरला, तर त्याचे वय पन्नासच्या आसपास. ‘आसपास’ हा शब्द विसरू नका. अर्जदार म्हणेल अठ्ठेचाळीस आणि हरकत घेणारा म्हणेल बावन्न. आणि वारसा वृक्ष ठरण्याची रेघ तर नेमकी पन्नासावर ओढलेली! इथे जुने छायाचित्र, जुना नकाशा किंवा गावातील वडीलधाऱ्यांची सांगीवांगी यांचा आधार मापाइतकाच मोलाचा ठरतो.

माड हे झाड आहे का?

घेराच्या पद्धतीला पूर्ण चकवणारे एक झाड आपल्या परिचयाचे आहे. माड, पोफळी, शिंदी ही एकदल वनस्पती. त्यांच्यात ऊतककर नसतो. माडाचे खोड आधी हवे तेवढे जाड होते आणि मग उंच वाढते. पुढे त्याचा घेर वाढतच नाही म्हटले तरी चालेल. वर्तुळेही नाहीत. या अर्थाने वनस्पतिशास्त्रज्ञ माडाला आंब्याच्या रांगेत बसवत नाहीत.

आता गंमत पाहा. गोव्यात झाडांच्या जतनाचा कायदा १९८४ पासून आहे. २०१६ साली तेथील विधानसभेने दुरुस्ती करून माडाला ‘झाड’ या व्याख्येतून वगळले. ऊतककर नसल्याचे कारण शास्त्रदृष्ट्या खरे. पण गोव्याच्या माणसाला माड हे झाड नव्हे असे सांगून पाहा! मोठा गदारोळ झाला. माड तोडायला परवानगी लागणार नाही आणि कुळागरे व बागा बांधकामाखाली जातील, ही लोकांची भीती होती. २०१७ मध्ये सरकारने माडाला राज्यवृक्ष करून त्याचे संरक्षण परत देण्याचे ठरवले. शास्त्रातील व्याख्या एका कामासाठी असते आणि कायद्यातील दुसऱ्या. कायद्याला विचारायचे असते ते एवढेच, की हे उभे राहावे असे आपल्याला वाटते की नाही.

पन्नास रोपे म्हणजे एक झाड?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०० सेंटिमीटर घेराच्या झाडाबदली १० सेंटिमीटर घेराची पन्नास रोपे लावली. हिशेब मिटला का?

मोजायचे काय ते आधी ठरवू. झाड आपल्या उपयोगी पडते ते मुख्यतः पानांमुळे. पाने सावली देतात, धूळ अडवतात, आणि बाष्पोच्छ्वासाने हवा थंड करतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्च होते. एखादे मोठे झाड उन्हाळ्याच्या दिवसात मुबलक पाणी असताना शंभर लिटर पाणी सहज बाहेर टाकते. म्हणजे २४ कोटी ज्यूल. विजेचे एक युनिट ३६ लाख ज्यूलचे असते, तेव्हा ही उष्णता सुमारे ६७ युनिटांइतकी झाली. (झाड आपल्याला प्राणवायू देते म्हणून ते तोडू नये, असे निबंधांत हटकून असते. त्यात खोटे काही नाही. पण हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायूच आहे, आणि गल्लीतील एक झाड गेल्याने कोणी गुदमरत नाही. पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली आणि तिचा मोठा भाग प्राणवायूच्या खाती टाकला. मला स्वतःला सावली आणि गारव्याचे खाते अधिक मोठे वाटते.)

पाने झाडावर चढून मोजता येत नाहीत. पण पानांना लागणारे पाणी खोडातून येते, आणि जेवढी पाने तेवढ्या नळ्या, हे तर्कसंगत आहे. १९६४ साली शिनोझाकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी हाच विचार मांडला : झाड म्हणजे पानांना जोडलेल्या बारीक नळ्यांची मोळी. म्हणून पानांचे एकूण क्षेत्रफळ हे खोडाच्या पाणी वाहणाऱ्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. तेव्हा आपण छेदाचे क्षेत्रफळ काढू.

घेर ‘घ’ असेल तर त्रिज्या घ भागिले २π, आणि क्षेत्रफळ घ² भागिले ४π. २०० सेंटिमीटर घेरासाठी हे ४०,००० ÷ १२.५७, म्हणजे सुमारे ३,१८३ चौरस सेंटिमीटर येते. दहा सेंटिमीटर घेराच्या रोपासाठी १०० ÷ १२.५७, म्हणजे जेमतेम ८ चौरस सेंटिमीटर. घेर विसाव्या हिश्शाचा, पण छेद चारशेव्या हिश्शाचा! पन्नास रोपे मिळून जुन्या झाडाच्या आठव्या हिश्शाएवढी भरली. जुन्या खोडाचा गाभा पाणी वाहत नाही, त्यामुळे खरा फरक चारशेपेक्षा काहीसा कमी असेल. तरी अंदाज येण्यास हे पुरे. आणि जुन्या नियमाप्रमाणे एकच रोप लावले असते तर? चारशेवा हिस्सा.

रोपे वाढतात हे खरे. त्यांचाही घेर वर्षाला ४ सेंटिमीटर वाढतो असे धरू. पन्नासच्या पन्नास जगली, तर जुन्या झाडाशी बरोबरी करण्यास प्रत्येकाचा घेर २०० भागिले √५०, म्हणजे २८.३ सेंटिमीटर व्हायला हवा. त्याला साडेचार-पावणेपाच वर्षे लागतील. पंचवीस जगली तर घेर ४० आणि साडेसात वर्षे. दहा जगली तर तेरा वर्षांहून थोडे अधिक. पाचच जगली तर वीस वर्षे. एकच जगले तर साडेसत्तेचाळीस वर्षे. म्हणजे आज नववीत असणारा विद्यार्थी साठीला टेकेल तेव्हा.

कायद्यातील सात वर्षांची अट इथे समजते. सात वर्षांनी प्रत्येक रोपाचा घेर १० + २८ = ३८ सेंटिमीटर होईल. २०० भागिले ३८ आणि त्याचा वर्ग केला की २७.७ येतो. म्हणजे पन्नासपैकी किमान अठ्ठावीस झाडे जगली तर सातव्या वर्षी भरपाई होते. तेव्हा पन्नास हा आकडा कोणी उगाच फुगवून लिहिलेला नाही. रोपे निम्म्याहून थोडी अधिक जगवली तर तो पुरतो. किती रोपे लावली याचे फलक आपल्याकडे पुष्कळ दिसतात. किती जगली याचा फलक लागला तर जास्त बरे होईल.

या गणितात न मावणारे

गणित सुटले म्हणून सारे सुटले असे नाही. पंधरा मीटर रुंद पसाऱ्याचे झाड सुमारे १७७ चौरस मीटर जमीन झाकते. तशी पन्नास झाडे पुढे पूर्ण वाढायची तर ८,८०० चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे दोन एकरांहून जास्त जागा हवी. ती भर वस्तीत मिळत नाही. त्यामुळे नवी झाडे टेकडीवर नाहीतर शहराबाहेर लागतात. छेदाची बेरीज जुळते, पण ज्या बसथांब्यावर सावली होती तिथे ऊनच राहते. गारवा मनीऑर्डरने पाठवता येत नाही.

ढोलीचेही तसेच. पिंगळा, पोपट आणि पुण्या-मुंबईतही दिसणारा राखी धनेश ही मंडळी जुन्या झाडांच्या ढोल्यांत घरटी करतात. फांदी मोडते, बुरशी आत शिरते, गाभा कुजतो आणि पुष्कळ वर्षांनी ढोली तयार होते. पन्नास रोपांच्या पन्नास छोट्या ढोल्या मिळून एक मोठी ढोली होत नाही. इथे बेरीजच लागू पडत नाही.

नवे झाड कोणते लावायचे हाही प्रश्न आहे. लवकर वाढते म्हणून गुलमोहरासारखे ठिसूळ झाड लावायचे आणि वीस-पंचवीस वर्षांनी ते वाऱ्याने पडले की पुन्हा अर्ज करायचा, यात शहाणपण नाही. करंज, बहावा, ताम्हण, कडुनिंब ही आपल्या मातीतील झाडे संथ असतील, पण टिकतात.

खेडेगावांसाठी नियम वेगळे आहेत. तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा चालतो आणि साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ अशा सोळा प्रकारांच्या झाडांना त्याचे संरक्षण आहे. आपल्या शेतातील आंबा तोडण्यापूर्वी वनखात्याकडे का जावे लागते, हे आता तुमच्या लक्षात येईल.

करून पाहा

मुंबई महानगरपालिकेच्या २०१८ साली पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत सुमारे पावणेतीस लाख झाडे नोंदली गेली. तुमच्या शाळेच्या भोवतालचा एकच रस्ता घ्या आणि वर्गाने मिळून त्याची गणना करा. प्रत्येक झाडाची जात, घेर, बुंध्याभोवतालच्या मोकळ्या मातीची रुंदी, खिळे व तारांच्या जखमा यांची नोंद वहीत करा. उंचीसाठी एक मीटरची काठी उन्हात उभी धरा. तिची सावली ०.८ मीटर असताना झाडाची सावली ९.६ मीटर असेल, तर झाड १२ मीटर उंच. तारीख घालून ही वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. उद्या एखाद्या बुंध्यावर नोटीस लागली, तर हरकतीच्या अर्जाला जोडण्यास वयाचा एवढा चांगला पुरावा पालिकेच्या दप्तरातही नसेल. अर्ज साध्या कागदावर करता येतो. झाडाचा क्रमांक, नोटिशीची तारीख आणि आपले कारण स्पष्ट लिहून पोच घ्यावी. मुदतीचे दिवस कायद्यातील दुरुस्त्यांनी बदलतात, म्हणून ते नोटिशीवरूनच पाहावेत.

शिक्षकांना घेर आणि वर्ग यांचा संबंध शिकवण्यासाठी आणखी एक उदाहरण देता येईल. वर्षाला ४ सेंटिमीटरचाच दर धरून ७५ वर्षांच्या, ३०० सेंटिमीटर घेराच्या झाडाचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. ७५ रोपांपैकी सातव्या वर्षी ६३ जगलेली असली पाहिजेत, असे उत्तर येईल. मग १०० वर्षांचे, ४०० सेंटिमीटर घेराचे झाड घ्यावे. आता १११ रोपे लागतात आणि नियमाने तर लावायची शंभरच! वय दुप्पट झाले की रोपे दुप्पट होतात, पण छेद चौपट होतो. म्हातारपणी झाडाची वाढ मंदावते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे सौम्य येतील. तरी साधारण नव्वदीच्या पुढच्या झाडाची भरपाई, लावलेली सगळी रोपे जगली तरीही, सात वर्षांत होत नाही. ती नव्वदीची रेघ कशी आली, हे वर्गातील मुलांनी काढून दाखवावे.